पाळणा कसा लांबत असे?

घाटनांदूरच्या वर्गात जात्यावरच्या ओव्या शिकवताना एक प्रश्न हटकून येतो : पूर्वीच्या बायकांना खरोखरच दहा-बारा मुले होत असत काय?

काहींना होत. पण तो नियम नव्हता. १९५० च्या सुमारास भारतात दर स्त्रीमागे सरासरी सहाच्या आसपास अपत्ये होत. त्याच काळात अमेरिकेतील हटराइट पंथाच्या स्त्रिया, विशीनंतर लग्न करूनही, सरासरी दहाचा आकडा ओलांडीत. आपल्याकडे तर लग्न बालपणीच होई. मग आकडा बेताचा का राहिला? गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीने वि. म. दांडेकर व कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यात गावोगाव पाहणी करून असे प्रश्न मराठी मुलखात नेटाने विचारले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता; तो या पाहणीबाहेर राहिला.

उत्तराचा मोठा भाग अंगावरच्या दुधात आहे. मूल दोन-तीन वर्षे अंगावर पीत असे आणि त्यामुळे पाळी लांबे. बाळंतपणासाठी माहेरी गेलेली लेक महिनोन् महिने परतत नसे. उच्चवर्णीयांत तरुण वैधव्य संततीला पूर्णविराम देई. कुणब्यांत पाट लागे, म्हणून तेथे हिशेब थोडा निराळा. शिवाय १८९९-१९०० सारखे दुष्काळ. उपाशी देहाला गर्भ सहजी राहत नाही.

या लांबलेल्या पाळण्याचे कौतुक मात्र आम्हांला करवत नाही. त्यात बाईची इच्छा कोणी विचारलेली नव्हती. ती विचारावी असे सांगणारे र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवीत राहिले आणि टवाळी व खटले सोशीत राहिले.

आज महाराष्ट्राचा आकडा १.७ वर आला आहे (२०१९-२१). बीडमध्ये मात्र त्याच पाहणीत विशी-चोविशीतल्या शंभरांपैकी सुमारे ४४ जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. म्हणजे लग्नाचे वय हवे तेवढे हलले नाही, बाळंतपणे मात्र आखडली : लागोपाठ दोन-तीन मुले, पंचविशीच्या आत ऑपरेशन. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या वाट्याला पुढचेही येते. पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, फडात आडोसा नसतो, आणि दुखण्यावर 'पिशवी काढा' हाच सल्ला मिळतो. २०१९ मध्ये शासनाने जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती.

यंदा वर्गात तोच प्रश्न निघाला तेव्हा मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "आजीला सहा झाली, चार जगली. आईला आम्ही दोघी. तेहतिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली. कारखाना सुरू व्हायच्या आत."