शटडाऊन

शटडाऊन (पुं.) : चालू यंत्र, वीजवाहिनी किंवा कारखाना ठरवून थांबवणे. हा इंग्रजी शब्द मराठीत वीजखात्यात चांगलाच रुळला आहे, आणि तिथे त्याचा अर्थ कळतो तो सोबतच्या क्रियापदावरून. लाइनमन उपकेंद्राकडून शटडाऊन ‘घेतो’, तिथला ऑपरेटर तो ‘देतो’. काम संपून माणसे खांबावरून उतरली, अर्थिंग काढले, की तो ‘परत’ केला जातो. या देण्याघेण्यात चूक झाली तर जीव जातो. म्हणूनच ‘बंद’ हा त्याला पुरेसा पर्याय नाही. बिघाडाने वाहिनी आपोआप बंद पडली तर ती ‘ट्रिप’ झाली, असे म्हणतात.

अमेरिकेत खर्चाची मंजुरी अडकून सरकारी कामकाज थांबते, त्यालाही शटडाऊनच म्हणतात. २०१८-१९ मधला ३५ दिवस चालला.

परळी वैजनाथच्या औष्णिक वीज केंद्रात मात्र हा शब्द अपुरा पडला. फेब्रुवारी २०१३ मध्ये २१० मेगावॅटचे तीन आणि २५० मेगावॅटचे दोन, असे १,१३० मेगावॅटचे पाचही संच थांबले. कारण पाणी. बॉयलरमधले पाणी वाफ होते, वाफ निवून पुन्हा पाणी होते आणि तेच फिरत राहते. केंद्राची खरी तहान असते कूलिंग टॉवरची. तिथे पाणी हवेत उडून जाते आणि त्याची भर सतत घालावी लागते. ही भर मुख्यतः गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येते, आणि त्या वर्षीच्या दुष्काळात तिथेच पाणी उरले नाही.

देखभालीसाठी घेतलेल्या शटडाऊनला परतीची तारीख असते. इथे तारीख पावसाच्या हाती होती. अशा थांबण्याला मराठीत नेमका शब्द आहे, ‘ठप्प’, आणि परळीसाठी तोच खरा. केंद्र ठप्प झाले की कंत्राटी मजुरांचे काम थांबते, राखेवर चालणाऱ्या वीटभट्ट्यांचा कच्चा माल आटतो. त्याला शटडाऊन म्हटले, तर सगळे कुणीतरी ठरवून केल्यासारखे वाटते.

जुलै २०१५ मध्ये पाण्याअभावी केंद्र पुन्हा थांबले.

पाणी परत आले, तरी थंड पडलेला संच बटण दाबून सुरू होत नाही. आधी तेलावर बॉयलर पेटवतात, मग कोळसा. वाफेचा दाब चढला की टर्बाइन फिरते, आणि ग्रीडशी वारंवारता जुळल्यावरच जोडणी होते.