तिरपे इंजीन

विमानाच्या नाकात इंजीन बसवायचे तर ते अगदी नाकासमोर, सरळ रेषेत बसवायचे, असे कुणालाही वाटेल. सरकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला तर सरळ रेघेचे फारच प्रेम. पण रेडिओवर उडवायची छोटी विमाने बनवणारी मंडळी ते मुद्दाम तिरपे बसवतात. माझ्या भाच्याला हा नाद आहे. इंजिनाचा माउंट ज्या उभ्या फळीवर चार बोल्टांनी आवळतात तिला तो फायरवॉल म्हणतो. डाव्या बाजूच्या दोन बोल्टांवर फळी आणि माउंट यांच्यामध्ये पातळ वॉशर सरकवला की इंजिनाचे तोंड किंचित उजवीकडे वळते. वरच्या दोन बोल्टांवर सरकवला की खाली झुकते. किती? दोन-तीन अंश, बस्स. आपला सुतार दाराची चौकट बसवताना पाचर ठोकतो, त्यातलाच प्रकार. फक्त सुतार वाकडे ते सरळ करतो आणि इथे सरळ ते वाकडे करायचे!

कारण साधे आहे. मागून पाहिले तर बहुतेक पंखे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. पंखा उजवीकडे फिरला की त्याच्या प्रतिक्रियेने विमान डावीकडे कलू पाहते. शिवाय पंख्याने मागे फेकलेली हवा पिळे घेत जाते, शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आपटते, आणि नाक डावीकडे ओढले जाते. म्हणून इंजीन उजवीकडे. खाली झुकवायचे ते मुख्यतः पंख वर असलेल्या विमानांत. जोर दिला की ती आभाळाकडे तोंड करू लागतात.

आता गंमत अशी की हे त्रांगडे विमानाच्या जन्मापासूनचे आहे. राइट बंधूंच्या १९०३ च्या यंत्रात चार्ली टेलर या त्यांच्या कारागिराने सुमारे सहा आठवड्यांत घडवलेले १२ अश्वशक्तीचे इंजीन होते. पंखे दोन, आणि सायकलीसारख्या साखळ्यांवर चालणारे. त्यांतली एक साखळी त्यांनी आठाच्या आकड्यासारखी (इंग्रजी आठ, आपला नव्हे) पीळ देऊन घातली, त्यामुळे पंखे परस्परविरुद्ध फिरू लागले आणि कलण्याचा प्रश्नच मिटला. सायकलवाल्यांनाच सुचावे असे उत्तर! पण वजनाचा प्रश्न उरलाच. वैमानिक डावीकडे पालथा झोपणार, इंजीन उजवीकडे, आणि इंजीन माणसापेक्षा जड. मग त्यांनी उजवा पंखच सुमारे ४ इंचांनी लांब केला. १७ डिसेंबर १९०३ ला जे १२ सेकंद उडाले ते विमान असे दोन्ही बाजूंना सारखे नव्हते.

दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या माक्की सी. २०२ या लढाऊ विमानातही असेच. तिथे कारण वजन नव्हे, पंख्याची प्रतिक्रिया. डावीकडे कलते ना, मग डावा पंख उजव्यापेक्षा सुमारे २० सेंटीमीटर लांब! जास्त पंख, जास्त उचल.

आपल्याकडचे उदाहरण बोगमाळोला आहे. तिथल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात फेअरी फायरफ्लाय उभे आहे. मुले आधी त्या भल्याथोरल्या सुपर कॉन्स्टेलेशनकडे धावतात, फायरफ्लायपाशी फारसे कुणी रेंगाळत नाही. पण त्याचे रोल्स-रॉइस ग्रिफॉन इंजीन उलट्या दिशेने पंखा फिरवते. त्याच कंपनीचे आधीचे मर्लिन सुलट फिरवत असे. मर्लिनवर हात बसलेला वैमानिक ग्रिफॉनच्या विमानात बसला की धावपट्टीवर सवयीने जो पाय दाबायचा, तो नेमका चुकीचा! अंगवळणी पडलेली गोष्टच घात करायची. पुढच्या खेपेला गेलात तर त्या पंख्याच्या पात्यांचा पीळ नीट बघा.

छोट्या विमानांकडे वळतो. १९३० च्या दशकाच्या आरंभी बिल ब्राऊन या अमेरिकन तरुणाने सुमारे १० सीसीचे पेट्रोल इंजीन बनवले, ब्राऊन ज्युनियर. तोवर या विमानांना मुख्यतः पिळलेल्या रबराची ताकद असे. १९३७ मध्ये वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी ‘गफ’ नावाचे विमान रेडिओने उडवले. ते आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. तोपर्यंत एकदा हातातून सुटले की विमान आणि त्याचे नशीब! लाकूड घासताना, इंजीन बसवताना जे साधले असेल तेच. रेडिओ आला म्हणून तिरपेपणाची गरज संपली नाही हं. जोर कमीजास्त झाला की दर वेळी हाताने सावरायचे, त्यापेक्षा वॉशरनेच काम झालेले बरे.

आणि मग मेनार्ड हिल. पेशाने धातुशास्त्रज्ञ, वॉल्टर गुड ज्या जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत होते तिथलेच. ऑगस्ट २००३ मध्ये ७७ वर्षांच्या या गृहस्थाने न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअरवरून एक छोटे विमान हाताने हवेत सोडले. दृष्टी जवळजवळ गेलेली, ऐकू कमी येत असे. आधीची विमाने समुद्रात हरवली होती. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे वजन ५ किलोच्या आत, त्यात जवळजवळ निम्मे इंधन. आणि इंजीन पुन्हा १० सीसीच्या आसपासचे, मात्र चार-स्ट्रोक. म्हणजे निघताना जे विमान ५ किलोचे, ते पोचताना अडीच-तीन किलोचे. अशा बदलत्या वजनाला वॉशर कोणता लावणार? किनारा सुटल्यावर सावरायला माणूस नव्हता, उपग्रहावरून दिशा घेणारी छोटी यंत्रणा तेवढी होती.

३८ तास ५२ मिनिटांनी ते आयर्लंडमध्ये क्लिफडेनजवळच्या किनाऱ्यावर पोचले. साधारण ३,००० किलोमीटर. १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राऊन यांनी अटलांटिक ओलांडला तोही न्यूफाउंडलंडहून निघून क्लिफडेनजवळच उतरून. त्यांचे विमान मात्र दलदलीत नाकावर आपटले होते. हिल यांचे विमान किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या सहकाऱ्याने रेडिओने ताब्यात घेतले आणि अलगद गवतावर टेकवले. टाकीत इंधन नावापुरतेच उरले होते.