हत्ती फक्त निमित्त होता

सेलूहून मंठ्यामार्गे सिंदखेडराजाला जाता येतं. शाळेच्या सहलीत तिथली लखुजी जाधवांची प्रचंड दगडी समाधी पाहिली, तेव्हा एकच प्रश्न पडला होता: जिजाऊंच्या वडिलांना मारलं कुणी? उत्तर शोधायला गेलं की आधी एक हत्ती भेटतो.

निजामशाहीचा दरबार सुटला होता. गर्दीत खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरला आणि माणसं तुडवू लागला. लखुजींचा मुलगा दत्ताजी त्याच्यावर धावून गेला. खंडागळ्यांच्या मदतीला विठोजी भोसल्यांची मुलं, संभाजी आणि खेळोजी, आली. हे शहाजीराजांचे चुलतभाऊ. बघता बघता हत्ती बाजूला राहिला आणि तलवारी जाधव-भोसल्यांत चालल्या. संभाजीनं दत्ताजीला मारलं. ते ऐकून लखुजी माघारी फिरले. आडवा आला तो त्यांचाच जावई. त्यांच्या वारानं शहाजीराजे जखमी झाले आणि संभाजी मारला गेला. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त हा प्रसंग आहे.

जिजाऊंच्या बाजूनं बघा. माहेरचं आणि सासरचं सुतक एकाच दिवशी.

सर्व्हर पडला की शेवटची एरर सगळ्यांना दिसते, मूळ कारण लॉगमध्ये खूप वर असतं. हत्ती ही शेवटची एरर. सरदाराला जहागीर मिळायची ती फौज बाळगण्यासाठी. शिपायाची भाकरी सरदाराच्या हातून यायची, म्हणून त्याची निष्ठाही सरदारापाशी. त्यात मुघल आणि आदिलशाही शेजारी, म्हणजे नाराज सरदाराला दुसरा मालक तयारच. अशा वेळी भांडण घेऊन न्याय मागायला जायचं कशाला?

हे फक्त आपल्याकडचं नाही. २४ ऑगस्ट १४५३ रोजी इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ हेवर्थ मूर इथं नेव्हिल घराण्याच्या लग्नाच्या वऱ्हाडाची वाट पर्सी घराण्यानं अडवली. राजा सहावा हेन्री त्याच महिन्यात मानसिक आजारानं निपचित पडला होता. दोन वर्षांनी, सेंट ऑल्बन्सच्या लढाईत, नेव्हिल राजाच्या विरोधकांच्या बाजूनं लढले आणि पर्सींचा प्रमुख मारला गेला. दोन घरांचं भांडण राजगादीच्या युद्धात मिसळलं.

निजामशहानं वेगळा उपाय केला. लखुजी मुघलांकडे जाऊन परत आले होते. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात मुजऱ्याला आलेले लखुजी, अचलोजी आणि राघोजी ही मुलं आणि नातू यशवंतराव यांना तिथंच कापून काढलं. माझ्या शाळेतल्या प्रश्नाचं उत्तर हे: ज्याची चाकरी केली त्यानंच. ज्या जावयावर लखुजींनी तलवार चालवली होती, त्या शहाजीराजांनीही यानंतर निजामशाही सोडली. सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० ला, शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले.

पुढे महाराजांनी फौजेला जहागिरीऐवजी रोख पगार देण्यावर भर दिला. मूळ कारणाला हात घातला तो इथं. पण राजाराम महाराजांच्या धामधुमीत वतनं आणि जहागिरी पुन्हा द्याव्या लागल्या, आणि संताजी घोरपडे व धनाजी जाधव एकमेकांवर चालून गेले. धनाजी सिंदखेडच्याच जाधवांच्या वंशातले.