कन्हानचे पाणी आणि मासेमारीचे कायदे

मौद्याच्या वेशीवरून कन्हान वाहते, आणि तिच्यात जाळे टाकून पोट भरणारे ढिवर बांधव या भागाला नवे नाहीत. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातिजमातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ढिमरांची कामे सांगितली आहेत: मासे धरावे, पाणी भरावे, पालखी वाहावी, तळ्यात शिंगाडे लावावे. पालख्या गेल्या, नळ आले. मासे तेवढे राहिले. त्या माशांवर सरकारची नजर केव्हा व कशी पडली, हा आजचा विषय आहे.

आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. कामगारांचे खटले चालविताना कायद्याची कलमे शब्द न् शब्द वाचण्याची खोड लागली, आणि त्या खोडीपायीच १८९७ सालचा मत्स्य कायदा हाती घेतला. त्याची पूर्वपीठिका अशी की, फ्रान्सिस डे नावाच्या लष्करी वैद्याने हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील गोड्या पाण्यातल्या माशांवर १८७३ साली अहवाल सादर केला. जिल्ह्याजिल्ह्याच्या अंमलदारांकडून माहिती मागवून त्याने तक्रार नोंदविली, ती ही, की बारीक विणीच्या जाळ्यांनी आणि ओढ्यांच्या तोंडाशी लावलेल्या सापळ्यांनी माशांची पिले मरतात व वंश खुंटतो. ही तक्रार खोटी नव्हे. पहिल्या पुराबरोबर गाभोळीने भरलेला मासा वर चढतो आणि उथळ पाण्यात अंडी टाकतो. रोहूची एक मोठी मादी त्या दिवसांत धरली, तर लाखो अंडी गेलीच म्हणून समजावे.

या विचारातून जो कायदा झाला, त्याने सुरुंगाचे स्फोट करून मासे मारणे हा गुन्हा ठरविला. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. जाळ्याची वीण, बांध, कायमचे सापळे यांबद्दल नियम करण्याचा, इतकेच नव्हे तर एखाद्या पाण्यातली सारी मासेमारी दोन वर्षांपर्यंत बंद ठेवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारला मिळाला. पाणी खासगी असेल तर मात्र मालकाची व मक्तेदाराची लेखी संमती हवी! आपल्या भागात तलाव मालगुजारांचे होते. तेव्हा मालगुजाराला विचारणे भाग होते. जाळे ओढणाऱ्याला विचारावे असे कायद्यात कोठेही नाही. मालगुजारी गेली, ३१ मार्च १९५१ पासून तळी व त्यांतली मासेमारी सरकारजमा झाली, पुढे महाराष्ट्राचा १९६० चा मत्स्यव्यवसाय कायदा आला, सहकारी संस्था ठेका घेऊ लागल्या.

परंतु आमचे बोट त्या जुन्या कायद्याच्या पाचव्या कलमावरच अडते. पाण्यात विष, चुना किंवा अपायकारक पदार्थ टाकणारा गुन्हेगार खरा, पण केव्हा? तो पदार्थ मासे धरण्याच्या वा मारण्याच्या हेतूने टाकला असेल तर. ढिवराने डोहात चुना टाकला तर त्याचा हेतू उघडच आहे. गिरणीने रंगाचे पाणी सोडले तर तिचा हेतू कापड रंगविण्याचा. मासे मेले तो योगायोग! या योगायोगाला महाराष्ट्रात १९६९ साली जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा होऊन प्रथम वेसण बसली आणि १९७४ साली केंद्राचा कायदा झाला. मध्ये सत्तर वर्षांहून अधिक काळ गेला.

आता पेंचकडे वळू. पेंच कामठीजवळ कन्हानला मिळते, म्हणून तिच्यावर घडलेले ते आमच्याच पाण्यावर घडले असे आम्ही मानतो. तोतलाडोहचा जलाशय पेंच राष्ट्रीय उद्यानात येतो. उद्यानाच्या मध्य प्रदेशातील भागात पूर्वी राहणाऱ्या आदिवासींना ३०५ मासेमारी परवाने देण्यात आले, आणि ते रद्द व्हावेत म्हणून पर्यावरणाची काळजी वाहणारी वकिलांची एक संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९७ साली न्यायालयाने परवाने कायम ठेवले. निसर्ग राखून आदिवासींची उपजीविकाही विचारात घ्या, असे सांगितले, आणि उद्यानाची अंतिम अधिसूचना लवकर काढा म्हणून सरकारलाही बजावले. निकालातील अटी पाहा. छायाचित्राचे ओळखपत्र जवळ असावे. थुएपाणी ते तोतलाडोह या रस्त्याखेरीज उद्यानात फिरू नये. जलाशयातल्या बेटांवर उतरू नये. काठावर चूल पेटवू नये, प्लास्टिकच्या पिशव्या टाकू नयेत. वाघाच्या रानात या अटी असाव्यात, यावर आमचा आक्षेप नाही. कारखान्याच्या दारावर कामगाराचा डबा तपासतात, त्याची मात्र आठवण झाली.

आणि डबा कोणाचा तपासत नाहीत, तेही कन्हाननेच दाखविले. ज्या मध्य प्रदेशातून ती उतरते, तेथे १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या विणीचा काळ म्हणून मासेमारी बंद असते. १६ जुलै २०२२ रोजी, म्हणजे त्या दोन महिन्यांच्या ऐन मध्यावर, कोराडी औष्णिक वीजकेंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला. राख कोलार नदीत गेली, तेथून कन्हानमध्ये आली, आणि नागपूरचा कन्हानवरील पाणीपुरवठाही विस्कळीत झाला. शहराचे नळ बंद पडले म्हणून ती बातमी झाली. त्याच पुराच्या पाण्यात गाभोळीचे मासे वर चढत होते.