दिवाडीचा विद्यार्थी रोम शहरीं

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत मंदिराचा पाया केव्हां पडला, घंटा कोणीं दिली, पहिले धर्मगुरु कोणत्या वाटेनें डोंगर चढून आले, हें सांगण्याची रीत आहे, व तो मजकूर इतरांच्या लेखणींतून यावयाचा आहे. आमच्या वांट्यास इतिहासाचीं चार पानें आलीं, तीं आम्हीं एका विद्यार्थ्यास दिलीं आहेत. हा विद्यार्थी खोडाळ्याचा नव्हे, जव्हार-मोखाड्याचाही नव्हे. चारशें वर्षांपूर्वींच्या गोव्याचा आहे. तथापि दहावी होतांच पत्र्याची पेटी उचलून कसाऱ्याकडे किंवा नाशिककडे जाणारीं आमचीं मुलें ज्यांनीं एस्. टी.च्या थांब्यावर पाहिलीं आहेत, त्यांस हा मनुष्य फारसा परका वाटूं नये.

मातेउस द कास्त्रो हें त्याचें नांव. सन १५९४ च्या सुमारास मांडवीच्या पात्रांतील दिवाडी बेटावर, नावेली गांवीं, ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मण कुळांत त्याचा जन्म झाला. बारदेशांतील रेइश मागुश येथें फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या विद्यालयांत त्याचें शिक्षण झालें, आणि तेथेंच धर्मगुरु होण्याची इच्छा त्याच्या मनांत दृढ झाली. परंतु गोव्याचे तत्कालीन आर्चबिशप दों क्रिस्तोव्हांव द सा यांच्याकडून दीक्षा मिळण्याचा मार्ग त्यास बंद झाला. त्या काळीं एतद्देशीय तरुणांस संन्यस्त संघांत प्रवेश जवळजवळ नव्हताच. क्वचित् दीक्षा मिळाली तरी युरोपीय पाळकाच्या हाताखालीं राबण्यापलीकडे त्यांची मजल जात नसे. याच गोव्यांत इंग्लंडहून सन १५७९ मध्यें आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स आमची भाषा शिकले, आणि त्यांचें क्रिस्तपुराण सन १६१६ मध्यें राशोल येथें छापून निघालें. परदेशच्या पुरुषानें मराठींत हजारों ओव्या रचाव्या व तिच्या लेकरानें वेदीवर उभें राहूं नये, असा तो विलक्षण काळ होता.

येथें नकार मिळाला म्हणून मातेउस घरीं बसला नाहीं. समुद्रावर सत्ता पोर्तुगीजांची, गलबतें त्यांचीं, आणि लिस्बनहून पुढें जावयाचें तर परवानगीही त्यांचीच. तेव्हां त्यानें पश्चिम आशियांतून जाणारी खुष्कीची वाट धरली व सन १६२५ मध्यें तो रोमेंत पोहोंचला. तीस वर्षांचा, वर्णानें सांवळा, ओळखीपाळखीवांचून आलेला हा तरुण ख्रिस्तसभेच्या राजधानींत विद्यार्थी म्हणून उभा राहिला.

तो पोहोंचला तो समय मात्र त्यास अनुकूल होता. पंधरावे ग्रेगरी या पोपमहाशयांनीं सन १६२२ मध्यें धर्मप्रसाराचें कार्य पाहण्यासाठीं एक मंडळ स्थापिलें होतें. त्यास ‘प्रोपागांदा’ म्हणत. त्याचे पहिले चिटणीस फ्रान्चेस्को इंगोली हे मोठे दूरदर्शी गृहस्थ होते. पूर्वेकडील देशांतून येणारीं पत्रें वाचून त्यांचें मत असें झालें होतें कीं, ज्या देशांत स्वतःचे धर्मगुरु नाहींत तेथें ख्रिस्तसभेचें रोप कुंडींतच राहावयाचें. मंडळानें सन १६२६ मध्यें नाना लिपींचा छापखाना काढला, व पुढच्याच वर्षीं आठवे अर्बन यांनीं, विवेस नांवाच्या स्पॅनिश धर्मगुरूनें दिलेल्या वाड्यांत, देशोदेशींच्या विद्यार्थ्यांकरितां महाविद्यालय उघडलें. मंडळाच्या आश्रयानें मातेउसनें धर्मशास्त्राचें अध्ययन पुरें केलें, पंडिताची पदवी मिळविली आणि सन १६३० च्या सुमारास त्यास गुरुदीक्षा मिळाली. ज्या दीक्षेसाठीं दिवाडीहून मांडवी ओलांडली कीं पुरें झालें असतें, तिच्यासाठीं त्यास अर्धें जग ओलांडावें लागलें.

परक्या भाषेंत शिकणें म्हणजे काय, हें ज्यांनीं शिकलें आहे तेच जाणतात. सेमिनरींत आम्ही तत्त्वज्ञान इंग्रजींत शिकत होतों, विचार मराठींत करीत होतों, आणि परीक्षेच्या कागदावर जें उतरे तें दोहोंपैकीं कोणाचेंच नसे. मातेउसच्या वेळीं तर व्याख्यान लॅटिन, रस्त्यावरची भाषा इटालियन, घरची भाषा कोंकणी आणि ज्यांच्या राज्यांत घर होतें त्यांची पोर्तुगीज. खेरीज घरचें पत्र यावयाचें तर त्याच्याच वाटेनें, म्हणजे महिनोन्‌महिने. पण याहूनही जड गोष्ट पुढें होती, आणि ती परदेशीं नव्हती.

पदवी, दीक्षा व रोमचीं अधिकारपत्रें घेऊन फादर मातेउस गोव्यास परतले. येथल्या अधिकाऱ्यांनीं तीं पत्रें खरीं मानण्यास नकार दिला! हा एवढासा मनुष्य, कालपरवां दिवाडीच्या शेतांत हिंडणारा. यास रोम काय म्हणून मान देईल, असा तो न्याय. त्यांस पुन्हां रोमेस जावें लागलें. तेथें सन १६३७ मध्यें त्यांस बिशप करण्यांत येऊन आदिलशाही मुलुखांतील ख्रिस्ती लोकांचे प्रेषितीय प्रतिनिधि नेमण्यांत आलें. लॅटिन विधीच्या ख्रिस्तसभेंत बिशप झालेले ते पहिले भारतीय होत. गोव्यानें हाही अधिकार मानला नाहीं. तेव्हां त्यांनीं पोर्तुगीज हद्दीबाहेर डिचोलीस ठाणें केलें, विजापूरच्या सुलतानाच्या परवानगीनें मंदिर उभारलें, आणि गोव्यांत ज्यांस दारांतून परत पाठविलें होतें अशा तरुणांस दीक्षा दिली. आपल्या घराच्या दिव्यांचा उजेड दिसावा इतक्या जवळ, पण घरीं जातां येऊं नये, अशी ती जागा होती.

येथपर्यंत वाचकांची सहानुभूति त्यांच्या बाजूस असेल, आमचीही आहे. परंतु जें पुढें झालें तें झांकून ठेवणें इतिहासास शोभणार नाहीं. अपमान मनांत धरून ठेवला कीं तो आंबतो. सन १६५३ मध्यें त्यांनीं ‘ब्राह्मणांचा आरसा’ अशा नांवाचा एक जळजळीत लेख पोर्तुगीजांविरुद्ध लिहिला. पुढच्या वर्षीं विजापूरच्या फौजा गोव्याच्या हद्दींत शिरल्या, तेव्हां सुलतानास व डचांस यांनींच उठविलें असा आरोप बिशपमहाशयांवर आला. पाळकाच्या हातून तरवारीस निमंत्रण जावें हें आम्हांस मान्य होण्यासारखें नाहीं, मग त्याचें दुःख कितीही खरें असो.

आणखी एक गोष्ट आम्हांस त्याहून बोंचते. त्या आरशांत मुखें दिसतात तीं ब्राह्मणांचींच. गोऱ्यानें काळ्यास दार बंद केलें याचा त्यांस संताप आला, तो योग्यच होता. पण त्याच दाराबाहेर, त्यांच्याही मागें, जे उभे होते त्यांच्याकडे त्यांनीं वळून पाहिलें नाहीं. वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या वस्तींत मिस्सा करणाऱ्या आमच्यासारख्यास ती रांग विसरून चालत नाहीं. रोमेची विद्या पदरीं असूनही मनुष्याच्या डोळ्यांवरचा एक पडदा तसाच राहूं शकतो.

सन १६५८ च्या सुमारास ते रोमेस गेले ते पुनः परतले नाहींत. त्यांस परतूं देण्यांत आलें नाहीं, असें म्हणणें अधिक खरें होईल. ते तेथें स्थिरावतात न स्थिरावतात तोंच, सन १६५९ मध्यें, प्रोपागांदानें पूर्वेकडे निघालेल्या आपल्या प्रतिनिधींस एक सूचनापत्र दिलें: लोकांचे रीतिरिवाज धर्माच्या विरुद्ध नसतील तर ते मोडूं नयेत, युरोप उचलून त्यांच्यावर लादूं नये, व त्यांच्यांतूनच धर्मगुरु तयार करावेत. ज्या गोष्टीसाठीं एका दिवाडीकराचें आयुष्य गेलें, ती आतां मंडळाच्या शाईनें लिहिली गेली होती. सन १६७७ मध्यें, ऐंशीं उलटल्यावर, ते रोमेंतच वारले. त्यांचे पुतणे-भाचे त्याच वाटेनें रोमेस शिकले; कुस्तोदियु द पिन्यु हे पुढें बिशप होऊन विजापूरच्या त्याच कार्यावर आले.

पुढें कांदोळीचे जुझे कुस्तोदियु फारिया हे सन १७७१ मध्यें वडिलांबरोबर लिस्बनला गेले, रोमेंत शिकले, सन १७८० मध्यें तेथेंच धर्मगुरु झाले, आणि संमोहनविद्येचे अभ्यासक म्हणून पॅरिसमध्यें गाजले. ते गोव्यास परतलेच नाहींत. सन १८१९ मध्यें पॅरिसला त्यांचा अंत झाला. त्यांची कथा मोठी मनोरंजक आहे, पण ती येथें सांगत बसलों तर संपादक आमच्यावर रागावतील.

विद्यार्थ्यानें विद्येकडे जावें, यापेक्षां विद्येनें त्याच्याकडे यावें, हें उमजण्यास फार वर्षें लागलीं. तेरावे लिओ यांच्या प्रेरणेनें सन १८९३ मध्यें हिंदुस्थानाकरितां पेपल सेमिनरी निघाली, तीही सिंहलद्वीपांत, कँडीस. सन १९५५ मध्यें ती पुण्यास आली. मुंबईस आर्चबिशप म्हणून एतद्देशीय पुरुष, व्हॅलेरियन ग्रेशस, सन १९५० मध्यें बसले. १९५३ मध्यें ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. दिवाडीकराच्या अभिषेकापासून मोजलें तर यास तीनशें सोळा वर्षें लागलीं.

आतां आमच्या मुलांकडे. नागली-वरईच्या रानांतून निघालेला मुलगा नाशिकला जातो, तेव्हां ऐंशीं-नव्वद किलोमीटरांचें अंतर त्यास रोमेइतकेंच वाटत असावें. वसतिगृहांत त्याच्या बोलीस हंसतात; तो ती गिळून टाकतो. सुटींत परत आला कीं घरचे म्हणतात, हा आतां शेहरी झाला. शिकून आलेली परिचारिका पाड्यावर सुचवूं लागली कीं वडीलधारी मंडळी तिच्या आईस विचारतात, हिला कोणीं सांगितलें? गोव्याच्या अधिकाऱ्यांनीं अधिकारपत्रें मानलीं नाहींत म्हणून आम्ही त्यांस दोष देतों. आमच्या पाड्यांवरही अशीं कागदपत्रें रोज परत केलीं जातात.

प्रोपागांदाच्या विद्यार्थ्यांस सन १६६० पासून एक ठराविक शपथ घ्यावी लागे: शिक्षण होतांच मंडळ सांगेल तेव्हां आपल्या देशीं परत जाईन, आणि युरोपांत असल्यास दरवर्षीं व बाहेर असल्यास दर दोन वर्षांनीं आपल्या कामाचें वृत्त मंडळास कळवीन. शपथ आम्ही कोणाकडून घेत नाहीं. पण या धर्मग्रामांतून शिकावयास बाहेर गेलेल्यांची एक वही ठेवली आहे: नांव, पाडा, कोठें गेला, काय शिकला. अखेरचा रकाना आहे, ‘परत आल्यावर आम्हीं कोणतें काम सोंपविलें’. ती वही मिस्सेनंतर कोणीही येऊन पाहावी. पहिले चार रकाने बरेच भरले आहेत.