आकाशातील पंतोजी

गुरूला दक्षिणा द्यावी, वेतन देऊ नये, असा एक जुना संकेत आपल्या मनात अद्यापि घर करून आहे. दक्षिणा देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. वेतन हा घेणाऱ्याचा हक्क असतो. गावच्या पंतोजीला मुलामागे ठरलेले पैसे आणि सणावारी शिधा मिळे. त्यात त्याचे भागो न भागो, त्याच्या विद्येचा गौरव मात्र भरपूर होई. हा गौरव आणि ही ओढाताण यांची सांगड आपल्या अंगवळणी इतकी पडली आहे की, तीत काही वावगे आहे असे आपणांस वाटतही नाही. परंतु ज्या विद्येत शिक्षकाची ओढाताण शिष्याच्या जिवावर बेतू शकते, अशीही एक विद्या आहे. ती म्हणजे विमान चालविण्याची.

हा विषय चंद्रपूरच्या वाचकास दूरचा वाटण्याचा काळ आता मागे पडला आहे. शहराजवळच्या मोरवा येथील धावपट्टीवर नागपूर फ्लाइंग क्लबने अलीकडच्या वर्षांत वैमानिकांचे शिक्षण सुरू केले. गडचिरोलीच्या उत्तरेस, गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टी आहे. तेथेही या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस एक मोठी राष्ट्रीय प्रशिक्षणसंस्था उभी राहिली. साग-मोहाच्या या मुलखातील मुलेही आता आकाशाकडे निराळ्या नजरेने पाहू लागली आहेत. त्यांना वर नेणारा व सुखरूप खाली आणणारा जो शिक्षक, त्याचा पूर्वेतिहास म्हणूनच जाणून घेण्याजोगा आहे.

विमानविद्येच्या पहिल्या काही वर्षांत शिक्षक असा स्वतंत्र वर्गच नव्हता. पहिल्या महायुद्धात तर आघाडीवर थकून गेलेल्या अथवा तेथे नकोशा झालेल्या वैमानिकांस शिकविण्याच्या कामावर पाठवीत. शिकविणे हे त्यांस कमीपणाचे वाटे. इंग्लंडातील हे शिक्षक आपल्या शिष्यांस चेष्टेने 'हूण' म्हणत. कारण शत्रूइतकीच विमाने हे शिष्यही मोडून टाकीत. या अनास्थेची किंमत कित्येक तरुणांनी प्राण देऊन चुकविली. १९१७ साली गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने हा प्रकार पालटला. त्याने दुहेरी नियंत्रणाच्या विमानात शिष्यास बसविले, बोलण्यासाठी दोघांत एक नळी जोडली, विमान कोसळते ते का आणि सावरते ते कसे हे समजावून देण्याची पद्धत घातली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उत्तम वैमानिकांनीच शिकवावे, असा त्याचा आग्रह होता. विमान-शिक्षकाची प्रतिष्ठा तेथे जन्मली. आज जगभर चालणारी शिकविण्याची रीत ही बव्हंशी त्याच शाळेची संतती होय.

प्रतिष्ठा मिळाली, तरी मोबदल्याची रीत मात्र दुसरीकडून आली. युद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारने १९२५ साली हलक्या विमानांचे क्लब काढण्याची योजना आखली. सरकारने क्लबांस आरंभीचे साहाय्य द्यावे आणि पुढे तयार होणाऱ्या प्रत्येक वैमानिकामागे ठराविक रक्कम द्यावी, असा तिचा साचा होता. याच वळणावर १९२८ च्या सुमारास हिंदुस्थानात सरकारी अनुदानाने दिल्ली, मुंबई, कराची, कलकत्ता येथे क्लब निघाले. मुंबईच्या क्लबात शिकलेले जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातील पहिल्या क्रमांकाचा वैमानिक-परवाना मिळाला, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्यांच्याबरोबर विमानात बसून त्यांचे हात-पाय वळणावर आणणारा शिक्षक कोण, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. दुसरे महायुद्ध सुरू होताच वायुदलाच्या राखीव वैमानिकांचे पहिले धडे अशाच क्लबांतून गिरविले गेले. देशाची गरज भागली. परंतु क्लबाचा हिशेब जसा उड्डाणाच्या तासांवर चाले, तसाच शिक्षकाचाही हिशेब हळूहळू तासांवर येऊन ठेपला.

हा तास कोणता, ते नीट पाहिले पाहिजे. समजा, थंडीच्या दिवसांत शिक्षक पहाटे धावपट्टीवर हजर झाला. धुके आहे, म्हणून दोन तास थांबला. त्या वेळात त्याने शिष्यास फळ्यावर पाठ समजावून दिला, विमानाभोवती फिरून तेल, इंधन, पंख, चाके तपासून घेतली. मग पन्नास मिनिटांचे उड्डाण झाले. उतरल्यावर चुका सांगण्यात व नोंदवहीत लिहिण्यात आणखी अर्धा-पाऊण तास गेला. सकाळ सरली. जेथे अंशकालीन शिक्षकास उड्डाणाच्या तासाप्रमाणेच पैसे देण्याची रीत आहे, आणि ती पुष्कळ ठिकाणी आहे, तेथे या साऱ्या सकाळीचे मोल पन्नास मिनिटे! धुके विरले नाही, तर तेही नाही.

त्यातून चंद्रपूरची हवा ही या रीतीची कठोर परीक्षक आहे. येथील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे सहज जातो. तापलेली हवा विरळ होते, पंखांस उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो, धावपट्टी पुरेनाशी होते. दुपारी वाऱ्याचे हेलकावे हलक्या विमानास पानासारखे हलवितात. म्हणून शहाणा शिक्षक सकाळ-संध्याकाळच उडतो. पुढे चार महिने पावसाळा. म्हणजे वर्षातील कितीतरी दिवस 'आज उड्डाण नाही' हे तीन शब्द उच्चारणे हेच त्याचे कर्तव्य असते. आणि नेमके तेच शब्द उच्चारल्यावर त्याची त्या दिवसाची कमाई बुडते! न्यायाधीशाला आरोपीच्या दंडातून वेतन देऊ लागलो, तर आपण त्या न्यायास न्याय म्हणणार नाही. मग ज्याच्या निर्णयावर दोन जीव अवलंबून आहेत, त्याच्या पोटाची गाठ 'उडू या' या निर्णयाशी बांधणे शहाणपणाचे कसे ठरते? बहुतेक शिक्षक अशा मोहास बळी पडत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा होय. पण माणसाच्या मोठेपणावर रोज भार टाकणारी व्यवस्था चांगली व्यवस्था नव्हे.

हे काम किती जोखमीचे आहे, ते १८ मार्च २०२३ रोजी या भागाने पाहिले. बिरसीहून निघालेले एक शिकाऊ विमान बालाघाट जिल्ह्यातील जंगली डोंगरांत कोसळले आणि शिक्षक व शिष्या दोघेही प्राणास मुकले. त्या अपघाताचा येथील मोबदल्याच्या चर्चेशी संबंध जोडण्याचा हेतू नाही. शिक्षक शिष्याबरोबर एकाच विमानात, एकाच दैवाच्या हवाली असतो, एवढेच ध्यानी घ्यावयाचे.

आमच्या जिल्ह्यांतील लोकांस ही रीत मुळीच अपरिचित नाही. ऐन वैशाखात तेंदूची पाने तोडणाऱ्या कुटुंबाची मजुरी पुड्यांच्या शेकड्यावर ठरते. सत्तर पानांचा एक पुडा. पहाटे रानात चालत जाण्याचे, घरी बसून पुडे बांधण्याचे, फळीवर मोजणी होईतो तिष्ठण्याचे वेगळे काही मिळत नाही. अवकाळी पाऊस आला की हंगामच बुडाला. विमान-शिक्षक सुशिक्षित, तेंदू तोडणारी बाई बहुधा निरक्षर. पण दोघांच्याही बाबतीत आभाळाचा धोका कष्ट करणाऱ्याच्या पदरात टाकलेला आहे. महाविद्यालयांत 'तासिका तत्त्वावर' वर्षानुवर्षे शिकविणारा एखादा पदवीधर तर आज अनेक वाचकांच्या घरातच असेल.

कायद्यानेही या वर्गास बराच काळ उंबरठ्यावरच उभे ठेवले. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने, औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा 'कामगार' नव्हे, असा निर्णय दिला. हाच न्याय विमान-शिक्षकास कितपत लागू पडेल, हा विधिज्ञांचा विषय आहे. तथापि गुरुपदाचा मान कामगाराच्या हक्काआड कसा येतो, ते त्यावरून दिसते. २०१६ साली पंजाबातील हंगामी सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने समान कामास समान वेतन हे तत्त्व ठामपणे उचलून धरले. अंशकालीन काम करणाऱ्यासही पूर्णवेळाच्या प्रमाणात तेच हक्क असावेत, असा करार आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९४ साली केला. भारताने त्यास मान्यता दिली नाही.

यावर कोणी म्हणेल की, ज्यास परवडत नाही त्याने हा धंदा करू नये. अमेरिकेचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथे २०१३ पासून प्रवासी विमानकंपनीत शिरण्यास सामान्यतः १५०० तासांचा अनुभव लागतो. तो साठविण्यासाठी असंख्य तरुण मिळेल त्या पैशात शिकवितात आणि तास पुरे होताच निघून जातात. आपल्याकडे २०० तासांवर व्यावसायिक परवाना मिळतो व कंपनीचे दार किलकिले होते. त्यामुळे शिकविण्याकडे वळण्याचे कारणच तरुणास उरत नाही. एकीकडे शिक्षक स्वस्त, दुसरीकडे दुर्मिळ. अनुभवी मनुष्य टिकून राहावा अशी सोय मात्र दोहोंकडे तुटपुंजीच.

क्लबाजवळ पैसा नाही, शिष्याची फी आधीच लाखांच्या घरात आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे व तो हसण्यावारी नेता येणार नाही. पण क्लबाचा जमाखर्च एकदा उघडून पाहावा. शिकाऊ विमानाचे इंजिन साधारणतः २००० तासांनंतर पूर्ण उलगडून दुरुस्त करावे लागते, म्हणून जाणता चालक प्रत्येक तासाच्या उत्पन्नातून त्यासाठी काही रक्कम बाजूस काढतो. इंजिनाच्या विसाव्याची ही तरतूद कोणास उधळपट्टी वाटत नाही. मग इंजिनाशेजारी बसणाऱ्या माणसासाठी तशीच तरतूद का नसावी? उड्डाण होवो न होवो, हजेरीचे निश्चित मानधन. जमिनीवरील पाठाचे तास उड्डाणाच्या तासांबरोबर हिशेबात. हवेमुळे रद्द झालेल्या पाळीचा काही भाग. लेखी करार आणि विमा. या मागण्या चैनीच्या नाहीत. त्यांचा भार शिष्यांवर पडला, तरी तो त्यांच्याच जिवाच्या रक्षणासाठी पडेल.

स्मिथ-बॅरीने शिक्षकास विमानात मान मिळवून दिला. जमिनीवरचा मान मिळवून देण्याचे काम अद्याप उरलेले आहे. मोरव्याच्या धावपट्टीवर एखाद्या सकाळी ढग दाटून आलेले असावेत, आईबापांनी कर्ज काढून धाडलेला मुलगा उत्सुकतेने विमानाकडे पाहत असावा, आणि शिक्षकाने शांतपणे 'आज नाही' म्हणून त्यास फळ्यापुढे बसवावे. ते शब्द उच्चारताना घरच्या किराण्याचा हिशेब त्याच्या मनात आला नाही, तर त्या मुलाचे आईबाप निर्धास्त झोपू शकतील.