लिंबूवर्गीय फळांचा टाकाऊ भाग : एक ऐतिहासिक टिपण

मनमाडच्या पूर्वेस असलेले नांदगाव संत्र्यामोसंब्यांसाठी प्रसिद्ध नाही. तथापि प्रस्तुत विषयाचा विचार तेथून आरंभणे सोयीचे पडते. १९०० च्या सुमारास मनमाड-औरंगाबाद लोहमार्ग होईपावेतो वेरूळ-औरंगाबादचे प्रवासी नांदगाव स्थानकावर उतरत. संत्र्याचे रोप रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेहूनच नागपुरास नेले असे परंपरा सांगते. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरास पोहोचली, आणि त्या फळास मुंबईची वाट मिळाली ती नांदगावावरून.

रेल्वेने नेले ते अखंड फळ होय. त्याबरोबर साल, बी व चोथाही बागेबाहेर गेला आणि शहरातील हजारो घरांत विखुरला. घरात तो सर्वस्वी वाया जात नसे. संत्र्याची वाळवलेली साल उटण्यात पडे, पिळलेल्या लिंबाच्या फोडीने तांब्या-पितळेची भांडी घासली जात. परंतु ज्यावर उद्योग उभारावा अशी रास मात्र कोठेच साचली नाही. टाकाऊ पदार्थ कोणता, ह्यापेक्षा तो कोठे साचतो, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

सिसिलीत तो बागांच्या जवळच साचला. विक्रीस न चढणारी लिंबे तेथे पिळीत, रसात चुना मिसळून कॅल्शियम सायट्रेट काढीत व ते परदेशी धाडीत. शेले ह्याने १७८४ साली लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्ल स्फटिकरूपात वेगळे केले होते. त्या रसायनावर हा व्यापार एकोणिसाव्या शतकात पोसला. १९१७ मध्ये जेम्स करी ह्याने अ‍ॅस्परजिलस नायजर ही बुरशी साखरेपासून तेच आम्ल विपुल बनविते असे दाखविले. मग त्या लिंबांचे मोल उतरले. लिंबे तीच राहिली. बदलला तो प्रतिस्पर्धी पदार्थाचा भाव. उपयोगांच्या याद्या करणारे अभ्यासक ही बाजू बहुधा सोडून देतात.

रस काढणाऱ्या कारखान्यात फळाचे जवळजवळ निम्मे वजन मागे उरते. सालीतून तेल व पेक्टिन मिळते. उरलेला चोथा वाळवून गुरांना घालण्याची पद्धत फ्लोरिडात रूढ झाली. ओला चोथा लवकर आंबतो आणि पेक्टिनमुळे पाणी सोडीत नाही. म्हणून त्यात चुना मिसळून मग तो दाबतात. सिसिलीतील चुना आम्ल धरण्यासाठी होता, हा पाणी सोडविण्यासाठी. वाळवणीच्या इंधनाचा खर्च मात्र टळत नाही, आणि तो परवडण्यास चोथा एके ठिकाणी मोठ्या प्रमाणात हवा. विदर्भातील संत्रे सोलून खाण्याचे फळ म्हणूनच मुख्यतः विकले जाते. तेथे अडचण नेमकी हीच आहे.

बागेत उरते ती गळालेली फळे आणि बहार संपल्यावर काढलेली सल. सल वाळली की चुलीत जाते. गळालेली, सडकी फळे झाडाखाली राहिल्यास त्यांतून फायटॉप्थोरा पुन्हा पानाफळांवर चढतो. ती वेचून खड्ड्यात पुरणे हे तेथे खतापेक्षा रोगनिवारणाचे काम आहे.